डोलिनाचा फाटा

डोलिना, सस्कॅचेवान
१० सप्टेंबर १९७२

झेनोन,

बसून वाच. उभ्यानं वाचलंस तर हसून पडशील. मी निवडणुकीला उभी आहे. चर्चच्या महिला मंडळाच्या नाही, पार्लमेंटच्या.

झालं असं. वेस्टब्रुकहून गावात येणारा रेल्वेचा फाटा बंद होऊ नये म्हणून काढलेल्या आमच्या 'फाटा वाचवा' समितीची मी चार वर्षं चिटणीस आहे. रेल्वे कंपनीला, मंत्र्यांना आणि आपले खासदार लॉइड पेनिंग्टन यांना मिळून एकेचाळीस पत्रं लिहिली. उत्तर दर वेळी छापील, एकाच ओळीचं: आपल्या पत्रातील मजकुराची नोंद घेतली आहे. आता निवडणूक जाहीर झाली, तेव्हा मंगळवारी शाळेत बैठक भरली. आपल्यातलाच कुणीतरी अपक्ष उभा करायचा, म्हणजे निदान पेनिंग्टनला फाट्याबद्दल तोंड उघडावं लागेल, असं ठरलं. दुकानवाला वॉल्टर कुझिक आमचा अध्यक्ष. त्यानं एकेकाला विचारायला सुरुवात केली. एकाचा गहू अजून शेतात उभा. दुसऱ्याची कंबर धरलेली. तिसऱ्याचा मेहुणा पेनिंग्टनच्या पक्षात. शेवटी वॉल्टर मला म्हणाला, "लिहा चिटणीसबाई, उमेदवार मिळाला नाही."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "हे मी लिहिणार नाही. मी उभी राहते."

आधी हसले. मग एकमेकांकडे बघत हात वर केले. ओस्टापचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला. आता तोच मला ट्रकमधून सभांना नेतो आणि खांबांवर माझी पत्रकं ठोकतो. चोपन्नाव्या वर्षी नवऱ्याबरोबर इतकं फिरणं होतंय, हेही काही कमी नाही.

आता कामाचं. तू एकवीस वर्षं ओटावाच्या सरकारी कचेरीत नकाशे काढतोस. आमच्या फाट्याचं त्या लोकांच्या मनात काय आहे, याचा जरा कानोसा घे आणि कळव. फाटा बंद झाला की गावातलं धान्यकोठार बंद. मग प्रत्येकानं आपला गहू पन्नास मैलांवर वेस्टब्रुकला न्यायचा. आणि माणूस वेस्टब्रुकला गेला की सामान तिथंच घेणार, पोरं तिथंच शाळेत घालणार. तुला काय सांगायचं, तू इथलाच आहेस.

लगेच उत्तर टाक.

तेक्ला


ओटावा
१९ सप्टेंबर १९७२

प्रिय तेक्ला,

पत्र मिळालं. हसलो नाही. दोनदा वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीत न जेवता कालव्याकाठी चकरा मारून आलो.

उभी राहिलीस ते राहिलीस. तू एकदा ठरवलंस की बाबांचंही चालायचं नाही, तिथं माझं काय चालणार. पण एक सांगतो, ऐक. सभेत नुसतं फाटा फाटा करू नकोस. रस्त्यांबद्दल बोल. वेस्टब्रुकचा रस्ता पक्का करून मागा. ओढ्यांवरचे दोन्ही लाकडी पूल बदलून मागा. लोकांना जे मिळू शकतं ते मागायला शिकव.

कानोसा घेण्याबद्दल म्हणशील, तर मी आपला तळी आणि नद्या काढणारा माणूस. वरच्या मजल्यावर काय शिजतं ते आमच्यापर्यंत येत नाही. आम्हाला कागद येतो, आम्ही रेघा मारतो.

रस्त्यातून गाडी चालवताना जपा. तिकडे यंदा बर्फ लवकर पडेल असं पेपरात आहे.

झेनोन


डोलिना
२८ सप्टेंबर १९७२

झेनोन,

तुझ्या पत्रात हवापाण्याची बातमी तेवढी कामाची होती.

रस्ता मागा म्हणे! रस्ता मागायचा म्हणजे फाटा गेला हे आपणच आधी कबूल करायचं. पेनिंग्टनच्या माणसानंसुद्धा मला इतका वाईट सल्ला दिला नसता.

इथं माझं काय चाललंय ते ऐक. छापखान्यानं पत्रकांवर माझं आडनाव होर्बायच्या जागी 'हॉर्बी' छापलं. परत छापायला वेळ नाही. हेझल ग्रीनशील्ड्स, निवृत्त झालेली शाळामास्तरीण, माझं टायपिंग करते. ती एकेक पत्रक पेनानं दुरुस्त करत बसली. तीस झाल्यावर म्हणाली, "तेक्ला, तू आडनावच बदल, सोपं पडेल."

सोमवारी स्टोनी क्रीकला सभा झाली. अठरा माणसं. मी फाट्याची आकडेवारी सांगत होते, तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला. "बाई, तुम्ही ओटावाला गेलात तर नवऱ्याच्या जेवणाचं काय?" मी म्हटलं, "पेनिंग्टनसाहेब बारा वर्षं ओटावात आहेत. त्यांच्या बायकोच्या जेवणाचं कधी विचारलंत?" बायका हसल्या. पुरुष हसले नाहीत. आणि मतदानाला जायच्या ट्रकच्या किल्ल्या पुरुषांच्या खिशात असतात.

पुढच्या सभेला कुणीच आलं नाही. पाऊस उघडला होता, सगळे कापणीच्या कंबाइनवर. मला राग तरी कुणाचा यावा? माझासुद्धा चाळीस एकर गहू ओला पडलाय.

पेनिंग्टन मात्र येतो तेव्हा पाऊस पडत असतो, म्हणजे सगळे दुकानात असतात. परवा वॉल्टरच्या दुकानात आला, त्याच्या बायकोच्या हातच्या पिरोही खाल्ल्या, आणि बोटं पुसत म्हणाला, "मी आहे तोवर या फाट्याचा एक खिळाही कुणी उपटणार नाही. मला मंत्र्यांनी शब्द दिलाय." मी तिथंच होते. विचारलं, "लेखी?" तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मिसेस होर्बाय, चांगल्या माणसांत लेखी लागत नाही." दुकानातली अर्धी माणसं माना डोलवत होती.

एक सरकारी कागद. मला एवढाच हवाय. एक तरी आकडा, एक तारीख, ज्यानं त्या माणसाचं तोंड बंद होईल. आणि माझा सख्खा भाऊ तिथंच बसून मला तळी आणि नद्या सांगतो.

खरं सांगू? तुला आमची लाज वाटते. गेल्या वर्षी मी तुझ्याकडे आले होते तेव्हा टेलिफोनवर तुला नाव सांगताना ऐकलं मी. स्मेरेचुकचा 'स्मिथ' झालास. बाबांनी ते आडनाव समुद्रापलीकडून इथवर नीट आणलं होतं.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तेक्ला


ओटावा
९ ऑक्टोबर १९७२

तेक्ला,

आज सुट्टी आहे, थँक्सगिव्हिंगची. घरी बसून लिहितोय. पाकिटात एक पातळ कागद आहे, तो आधी उघडू नकोस. पत्र वाच.

स्मिथ म्हणतो ते खरं आहे. टेलिफोनवर स्मेरेचुकची अक्षरं तीनदा सांगावी लागतात आणि तरी चुकीची लिहितात, म्हणून. लाजेचं म्हणशील तर ती दुसऱ्याच गोष्टीची आहे.

एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर एक काम आलं. तुमच्या भागातल्या रेल्वेमार्गांचा नवा नकाशा, काही वर्षांनंतरचा. जे मार्ग राहणार ते तसेच ठेवायचे. जे जाणार ते नकाशाच्या पारदर्शक फिल्मवरून पात्यानं खरवडून काढायचे. सोबत यादी होती. यादीत सातव्या क्रमांकावर 'वेस्टब्रुक ते डोलिना' असं होतं.

मी साहेबांना सांगू शकलो असतो की हे काम दुसऱ्याला द्या. नाही सांगितलं. पातं घेतलं आणि तो तुकडा माझ्या हातानं खरवडला. पाऊण तास लागला. हलक्या हातानं करावं लागतं, नाहीतर खालची फिल्म फाटते. डोलिनाच्या स्टेशनचा ठिपका राहू द्यायचा की काढायचा, हे यादीत नव्हतं. विचारायला गेलो, तर साहेब म्हणाले, "काढा. रेघच नाही तर ठिपका कशाला?"

नोकरी लागली तेव्हाच आम्ही सह्या केलेल्या असतात, आतलं बाहेर सांगणार नाही म्हणून. पूर्ण पेन्शनला चार वर्षं उरली आहेत. एप्रिलमध्ये गप्प राहिलो ते या दोन कारणांनी. सप्टेंबरात तुला रस्ता माग म्हणालो, तेव्हा तेवढंच सांगायचं धाडस झालं. तू ते ओळखशील असं मला वाटलं होतं. कुणी का ओळखावं म्हणा.

पाकिटातला कागद म्हणजे त्या नकाशाची मी हातानं काढलेली नक्कल. पेनिंग्टनला हे ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. त्याला खोटारडा म्हणू नकोस, फक्त कागद दाखव. माझं नाव शक्य असेल तर घेऊ नकोस. घ्यावंच लागलं तर घे.

झेनोन स्मेरेचुक


डोलिना
२४ ऑक्टोबर १९७२

झेनोन,

तुझा कागद आला तेव्हा मी भांडी घासत होते. हात कोरडे करून उघडला. वेस्टब्रुकच्या पश्चिमेला कोरी जागा. मी त्या जागेवर बोट ठेवून किती वेळ उभी होते कोण जाणे. ओस्टाप आत आला, त्यानं बघितलं, आणि बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला.

शनिवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांची सभा होती. पहिल्यांदाच हॉल भरला. बर्फानं कापणी थांबलेली, म्हणून सगळे आलेले. माझी पाळी आली तेव्हा मी बोललेच नाही. खिडकीपाशी गेले, कागद काचेला लावून धरला आणि म्हटलं, "पुढं या आणि डोलिना शोधा."

आले. एकेक करून आले. म्हाताऱ्या पिलिपनं चष्मा पुसून दोनदा शोधलं. मी मनात म्हटलं, झालं, आता जिंकलो. तुझ्यावरचा सगळा राग त्या क्षणी गेला होता, हे सांगून ठेवते.

पेनिंग्टननं जागेवरूनच विचारलं, "मिसेस होर्बाय, हा कागद कुठून आला?"

"ओटावाहून."

"कुणाकडून?"

"ज्याला नकाशा काढता येतो त्याच्याकडून."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो लोकांकडे वळून शांतपणे म्हणाला, "मंडळी, हा कागद खरा आहे असं मी म्हणत नाही. खोटा आहे असंही म्हणत नाही. पण समजा, खरा असला. मग उद्या तुम्हाला वेस्टब्रुकचा रस्ता पक्का लागेल. पूल लागतील. ते मागायला ओटावात कोण हवं? मंत्री ज्याचा फोन उचलतात तो, की जिचे पहिले सहा महिने तिथली दारं शोधण्यात जातील ती?"

मी वाट बघत होते, कुणीतरी उठेल आणि म्हणेल, लॉइड, तू आम्हाला शब्द दिला होतास. वॉल्टर उठला. माझा अध्यक्ष. चार वर्षं ज्याच्या दुकानाच्या काचेवर 'फाटा वाचवा' लावलेलं आहे, तो वॉल्टर. त्यानं टोपी हातात घेतली आणि विचारलं, "लॉइड, रस्ता कधीपर्यंत होईल?"

मग सगळेच विचारायला लागले. पूल किती टनांचा? डांबर की खडी? पेनिंग्टनचा माणूस वहीत लिहून घेत होता. मी खिडकीपाशी कागद धरून उभी. माझ्याच कागदानं मला पाडलं, झेनोन. जो फाटा गेलेलाच आहे तो वाचवणाऱ्या बाईला कोण मत देणार?

मागून कुणीतरी म्हणालं, "तिचा भाऊ ओटावात नकाशेच काढतो ना?" मी म्हटलं, "तो बदकांची तळी काढतो." पेनिंग्टनच्या माणसानं हेही लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही.

आणि आता ऐक, कारण मला हे कुठंतरी बोलल्याशिवाय चैन पडणार नाही. हे तू मला एप्रिलमध्ये सांगितलं असतंस, तर रस्ता मागणारी मी असते. पूल मागणारी मी असते. आणि 'रस्ता कशाला, फाटा आहे ना' म्हणून हसणारा पेनिंग्टन असता. सहा महिने होते आपल्याकडे. तू मला मतदानाच्या दोन आठवडे आधी खरं सांगितलंस. त्यापेक्षा सांगितलंच नसतंस तर मी निदान मनापासून भांडून हरले असते.

सोमवारी मतदान आहे.

तेक्ला


ओटावा
२ नोव्हेंबर १९७२

प्रिय तेक्ला,

रेडिओवर तुमच्या मतदारसंघाचा निकाल एका वाक्यात सांगून टाकला, पेनिंग्टन आला एवढंच. तुझे आकडे कळव.

एप्रिलबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे.

इथं सगळं ठीक. मला सध्या थोडी सुट्टी मिळाली आहे, वाचन चाललंय.

झेनोन


डोलिना
९ नोव्हेंबर १९७२

झेनोन,

सुट्टी! तुझी मजा आहे. इथं गहू बर्फाखाली आहे.

आकडे हवेत ना, हे घे. पेनिंग्टन नऊ हजार आठशे सेहेचाळीस. मी दोन हजार तीनशे अकरा. चौघांत तिसरी. हेझल म्हणते, अपक्षाला एवढी मतं या भागात कधी पडली नव्हती. तिनं सदतीस वर्षं नापास पोरांची समजूत घातली आहे, तिचं काय ऐकायचं.

पण मला त्या आकड्यांचं काही वाटलं नाही. आमच्या शाळेतल्या पेटीचं वाटलं. डोलिना गाव, एकशे पंचेचाळीस मतं. पेनिंग्टनला त्र्याऐंशी. मला अठ्ठावन्न. उरलेली चार इतरांना.

मतमोजणीला मी शाळेत हजर होते. ज्या वर्गात तू आणि मी पाढे म्हटले त्याच वर्गात. मोजणारी बाई माझ्याकडे बघायची टाळत होती. पेनिंग्टन, पेनिंग्टन, होर्बाय, पेनिंग्टन. प्रत्येक चिठ्ठी उघडली की मला वाटायचं, हे अक्षर ओळखीचं आहे. अक्षर कसलं, नुसती फुली. पण या गावात मी प्रत्येकाच्या घरी लग्नाला नाहीतर मयताला जाऊन आलेय, मला फुल्याही ओळखीच्या वाटल्या.

आता दुकानात गेले की सगळे फार गोड बोलतात. "तेक्ला, छान लढलीस हं." प्रत्येक जण म्हणतो, मी तुलाच दिलं. मी मोजलं. एकशे दहा माणसं आतापर्यंत मला म्हणाली की मत तुलाच दिलं. मग अठ्ठावन्नच कशी?

खांबांवरची पत्रकं काढायला ओस्टाप एकटाच गेला, मला बरोबर येऊ दिलं नाही. चांगला माणूस आहे. मला उगीच जुन्या जखमा दिसू नयेत म्हणून असेल.

समितीचा राजीनामा मी वॉल्टरच्या दुकानात, डबाबंद माशांच्या रांगेवर ठेवून आले. आता मी कुणाला पत्र लिहिणार नाही. तुलाही बहुधा नाही.

तेक्ला


ओटावा
२१ नोव्हेंबर १९७२

तेक्ला,

तू लिहिणार नाहीस म्हणालीस, पण वाचशील असं धरून लिहितो. मागच्या पत्रात खोटं लिहिलं. सुट्टी नाही. नोकरी सुटली.

तुमच्या सभेनंतर बुधवारी मला वर बोलावलं. त्या नकाशावर आम्ही चौघांनी काम केलं होतं आणि चौघांपैकी एकच डोलिनाचा. साहेबांनी विचारलं, "तुम्ही काही बाहेर पाठवलंत?" मी म्हटलं, "नाही." इतकं सहज म्हटलं, की माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्यांनी विश्वास ठेवला. एकवीस वर्षांत माझ्या कामात एक डाग नव्हता.

दुसऱ्या दिवशी कळलं की पिअरला घरी पाठवलंय. पिअर माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. बायको बाळंतपणासाठी हॉस्पिटलात होती, म्हणून त्यानं त्या नकाशाची एक प्रत काम पुरं करायला घरी नेली होती. ते कुणीतरी सांगितलं. त्याच्या टेबलाच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. त्याचा कोट तिथंच अडकवलेला होता, इतक्या घाईत गेला.

मी सकाळभर एका तळ्याचा काठ काढत बसलो. काठ मला जमेना. दुपारी वर गेलो आणि सांगितलं, "पिअर नाही. मी." साहेबांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "झेनोन, काल मी तुला सरळ विचारलं होतं." मला सगळ्यात जास्त ते लागलं.

कोर्टकचेरी करणार नाहीत, राजीनामा घेतला. पेन्शन अर्धीच मिळेल. पिअर परत कामावर आहे. मुलगी झाली त्याला.

हे तुझ्यासाठी केलं असं समजून रडत बसू नकोस. तुझ्यासाठी करायचं ते एप्रिलमध्ये करायचं होतं, ते केलं नाही. तू लिहिलंस की दोन आठवडे आधी सांगण्यापेक्षा सांगितलं नसतंस तर बरं. मी त्यावर रोज विचार करतो. सकाळी वाटतं तुझं बरोबर आहे. संध्याकाळी वाटतं, ती कोरी जागा लोकांनी बघायलाच हवी होती, मग मत कुणालाही देवोत. अजून माझं ठरलेलं नाही.

सध्या दुपारी दोनला जेवतो आणि पुढं काय करायचं ते कळत नाही.

झेनोन


डोलिना
५ डिसेंबर १९७२

झेनोन,

तुझं पत्र मी गोठ्यात वाचलं आणि मोठमोठ्यानं तुला शिव्या घातल्या. गाईंना वाटलं त्यांनाच. आधी नाही म्हणालास त्याबद्दल घातल्या, मग हो म्हणालास त्याबद्दल घातल्या, आणि सगळ्यात शेवटी मला तीन आठवडे न सांगितल्याबद्दल. तू सुट्टी म्हणालास आणि मी 'तुझी मजा आहे' लिहून मोकळी झाले. तो कागद सापडला तर फाडून टाक.

आता इकडचं. गेल्या आठवड्यात रेल्वे कंपनीची नोटीस आली. स्टेशनच्या दारावर चिकटवली आहे. फाटा बंद करण्याबद्दल फेब्रुवारीत वेस्टब्रुकला सुनावणी. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं लेखी द्यावं. पेनिंग्टन रेडिओवर म्हणाला, मला अतीव खेद झाला. रस्त्याचं विचारलं तर म्हणाला, तो प्रांताचा विषय आहे, ओटावाचा नाही. प्रांताचा विषय! सभेत डांबराची जाडी सांगत होता.

शनिवारी दुपारी समितीचे नऊ जण माझ्या स्वयंपाकघरात आले. बूट काढून, टोप्या हातात घेऊन, भिंतीला लागून उभे. वॉल्टर म्हणाला, "तेक्ला, सुनावणीसाठी लिहायला हवं. तुझ्यासारखं कुणाला लिहिता येत नाही." आणि खिशातून माझा राजीनामा काढून टेबलावर ठेवला. त्यावर माशाच्या डब्याचा गोल डाग पडला होता.

मी म्हटलं, "लिहीन. पण आधी प्रत्येकानं सांगायचं, मत कुणाला दिलं. खरं सांगेल त्यानं खुर्ची घ्यायची."

"मतदान गुप्त असतं, तेक्ला."

"शाळेत असतं. हे माझं स्वयंपाकघर आहे."

मग वॉल्टर म्हणाला, "लॉइडला. रस्त्यासाठी." आणि बसला. मग एकेक. लॉइडला. लॉइडला. पिलिप म्हणाला, बर्फ होतं, गेलोच नाही. दोघं म्हणाले तुला, त्यांतला एक जमिनीकडे बघून म्हणाला, पण मी त्यालाही बसू दिलं. सहा जण लॉइडचे निघाले. मला वाटलं होतं ऐकून संताप येईल. उलट महिन्याभरात पहिल्यांदा त्या माणसांशी बोलावंसं वाटलं.

मी वही ओढली, तेवढ्यात चुलीपाशी उभा असलेला ओस्टाप म्हणाला, "मीसुद्धा."

मी म्हटलं, "काय मीसुद्धा?"

"लॉइडला."

झेनोन, या माणसानं माझ्यासाठी दोन हजार मैल ट्रक चालवला. प्रत्येक खांबावर माझं नाव ठोकलं. मी एवढंच विचारलं, "का?"

"तू ओटावाला गेली असतीस."

"एवढ्यासाठी?"

"हो, एवढ्यासाठी," तो म्हणाला. "मला ती मोठी गोष्ट वाटली."

नऊ माणसं कॉफीच्या कपात बघत बसली. पिलिप उठून जायला लागला तर वॉल्टरनं त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. मी काय करायला हवं होतं, तू सांग. मी वही उघडली, तारीख घातली आणि हजर असलेल्यांची नावं लिहिली. ओस्टापचंही लिहिलं. त्याला खुर्ची उरली नव्हती, तो लाकडाच्या पेटीवर बसला.

तीन तास काम केलं. फाटा वाचत नाही, हे सगळ्यांना कळलंय. आता मागायचं आहे ते असं: कोठार बंद व्हायच्या आधी रस्ता पक्का, दोन्ही पूल नवे, आणि ते होईस्तोवर रूळ उपटायचे नाहीत. पण हे तोंडी सांगून चालणार नाही. कुठल्या शेतातून किती गहू निघतो, ट्रक कुठल्या रस्त्यानं जाणार, कुठला पूल किती वजनाला कोसळेल, हे सगळं एका नकाशावर हवं, की सुनावणीला बसलेल्या माणसाला मान फिरवायला जागा राहू नये. वॉल्टरनं काढून बघितला. त्याच्या नकाशात ओढा डोंगरावर चढतो.

पगार नाही. नकाशाच्या खाली नाव पूर्ण लिहावं लागेल, स्मेरेचुक, आणि सुनावणीत उभं राहून ते मोठ्यानं सांगावं लागेल. अक्षरं तीनदा सांगावी लागली तर तीनदा. मी तुला एप्रिलबद्दल माफ केलेलं नाही. जमेल असं वाटतही नाही. पण तू इथं असलास तर निदान समोरासमोर भांडता येईल, पाच दिवस टपालाची वाट बघावी लागणार नाही.

शनिवारपासून मी ओस्टापशी बोललेले नाही. जेवायला वाढते, तो जेवतो, ताट धुऊन ठेवतो. आज सकाळी बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "झेनोन येणार असेल तर वरच्या खोलीतली शेगडी पेटवून बघू का? दोन वर्षं पेटवलेली नाही."

मी म्हटलं, "पेटव."

तेक्ला